कोळंबीचं टरफल, हिरडा आणि मश्रूम: जेल होतंय, पण फक्त वरचं! मदत हवी

टरफल | १४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज प्रयोगशाळेतलं रडगाणं घेऊन आलेय. रसायनवाले बरेच जण इथे दडून बसलेत हे मला माहीत आहे.

एमएस्सीचा प्रकल्प, पुण्यातच. विषय आहे कायटोसानची जखमेवर लावायची पट्टी. कोळंबी-खेकड्याच्या टरफलातलं कायटिन दाट कॉस्टिक सोड्यात तापवलं की त्याचे अॅसिटिल गट निघतात, मोकळे अमाइन गट उरतात, ते झालं कायटोसान. पातळ अॅसेटिक आम्लात विरघळतं आणि वाळवलं की सेलोफेनसारखा पापुद्रा मिळतो. पण हा पापुद्रा ओला झाला की लिबलिबीत होतो आणि आम्लात टाकला तर चक्क परत विरघळतो. म्हणून कायटोसानच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या. बहुतेक जण ग्लुटाराल्डिहाइड टाकून मोकळे होतात. मला ते झोंबरं रसायन जखमेच्या आसपास नकोय. जेनिपिन चांगलं, पण महाग, आणि सगळं निळं करून ठेवतं.

म्हणून वनस्पतीतली फिनॉलं आणि एन्झाइम. टायरोसिनेज हे एन्झाइम ऑक्सिजन वापरून फिनॉलाचं क्विनोन, म्हणजे त्याचं चिकट्या स्वभावाचं रूप, करतं आणि क्विनोन कायटोसानच्या अमाइनला चिकटतं. कागदावर फार सुंदर दिसतं. शुद्ध टायरोसिनेज परवडत नाही, म्हणून बटण मश्रूम थंडगार फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वाटून, गाळून, सेंट्रिफ्यूज करून अर्क काढला. फिनॉल म्हणून हिरड्याचा काढा.

२ टक्के कायटोसान, १ टक्का अॅसेटिक आम्ल, बीकरमध्ये ४० मिली. त्यात काढा, मग अर्क. झालं असं:

काढा टाकताच मातकट गुठळ्या. अर्क टाकताच पांढरे धागे. रात्रभर ठेवल्यावर वर तपकिरी साय, खाली पाणीच पाणी.

तीन आठवडे हेच चाललंय. मार्गदर्शक म्हणतात, "ग्लुटाराल्डिहाइड टाक आणि सुट." कोणी सांगेल का, नक्की चुकतंय कुठे?

---

चहाटळ | १४ जून, रात्री १०:३१

साय आली म्हणजे दूध चांगलं आहे.

---

केळफूल | १४ जून, रात्री १०:५०

रसायन कळत नाही, पण ही तपकिरी भानगड रोज बघते. केळफूल सोलायला घेतलं की बोटं काळी, विळी काळी, केळफूल काळं. म्हणून हाताला तेल आणि चिरलेलं ताकाच्या पाण्यात. वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकतो तेही त्यासाठीच ना? तुझं एन्झाइम तेच का गं?

---

मोजपट्टी | १४ जून, रात्री ११:२०

केळफूलताई, अगदी तेच घराणं. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. विळीने पेशी फुटल्या की एन्झाइम आणि फिनॉल एकत्र येतात आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की काम सुरू. ताकातलं आम्ल एन्झाइमला मंदावतं, मिठातला क्लोराइडही त्याला अडवतो आणि पाण्यात बुडवल्याने हवा तुटते. स्वयंपाकघरात आपण जे जे टाळतो ते ते या मुलीला मुद्दाम करायचंय.

आणि त्यातच तिचं उत्तर आहे. वर साय, खाली पाणी, कारण ऑक्सिजन खाली पोचतच नाही. हिशेब करून दाखवतो.

हवेच्या संपर्कातल्या पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिमोलर (लिटरमधल्या रेणूंच्या संख्येचं माप). पुण्याच्या उंचीवर त्याहून किंचित कमीच. समजा, तुझं फिनॉल १० मिलिमोलर आहे. एका डायफिनॉलचं क्विनोन करायला ऑक्सिजनचा अर्धा रेणू लागतो, म्हणजे ५ मिलिमोलर ऑक्सिजन लागेल. विरघळलेला आहे त्याच्या २० पट! बाकीचा सगळा वरून झिरपून यायला हवा. झिरपायला १ मिलिमीटरला ४ मिनिटं धर. वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून २ सेंटिमीटरला ४०० पट, झाले २७ तास. तेही वाटेत कोणी खाल्ला नाही तर. इथे तर वाटेतच एन्झाइम तोंड उघडून बसलंय. शिवाय वर जेल झालं की ढवळणंही संपलं.

बीकर सोड, थाळीत पातळ ओत.

---

वाचनमात्र | १४ जून, रात्री ११:२४

वाचतेय.

---

टॅनरीकाका | १५ जून, सकाळी ६:०५

आयुष्याची ३४ वर्षे चामडे कमावण्यात गेली, म्हणून चार शब्द.

मोजपट्टी यांचा हिशेब चुकीचा आहे असे म्हणत नाही, पण हिरड्याला ओळखायला ते चुकले. हिरडा हे चामड्याचे जुने औषध. कातडे कमावताना पहिल्या हौदात अगदी पातळ, जुना, वापरलेला काढा असतो. पुढच्या हौदात जरा दाट, त्याच्या पुढे आणखी दाट. नवशिक्या माणूस घाई करतो आणि कोरे कातडे थेट दाट काढ्यात टाकतो. मग काय होते? वरचा पापुद्रा क्षणात कमावला जातो, आवळतो, रंध्रे बंद करतो आणि आतले कातडे कच्चेच राहते. वरून सुरेख, कापून बघितले तर मध्ये पांढरी रेघ. आमच्याकडे अशा मालाला गिऱ्हाईक नसे.

बाळ, तुझी साय मला तशी वाटते. एन्झाइम काही करत असेल नसेल, हिरड्यातल्या तुरट टॅनिनला त्याची गरजच नाही. ते तुझ्या कायटोसानला तसेही पकडणार. शिवाय एन्झाइम म्हणजे प्रथिन. टॅनिन प्रथिनाला धरून खाली बसवते, कातडे कमावणे म्हणजे दुसरे काय असते? तू एका हाताने एन्झाइम टाकते आहेस आणि दुसऱ्या हाताने त्याचा गळा दाबते आहेस.

---

चहाटळ | १५ जून, सकाळी ८:४०

काका, शेवटचं वाक्य लग्नाच्या धाग्यावर चिकटवू का?

---

भोरकर | १५ जून, सकाळी ९:१५

हिरडा कुठला घेतलास ते आधी सांग. बाळहिरडा की मोठा? आमच्याकडे, आणि आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात, उन्हाळ्यात बाया-माणसं बाळहिरडा गोळा करून वाळवून विकतात. महादेव कोळ्यांच्या कितीतरी घरांचा वर्षाचा रोकडा त्यावर असतो. दराचं मात्र दरवर्षी रडगाणं. बाळहिरडा काळा, सुरकुतलेला, लहान. मोठा पिवळट. दोन्हीचा तुरटपणा सारखा नाही. आणि पेठेतल्या दुकानातली पुडी घेतली असशील तर त्यात काय काय आहे ते हिरड्यालाच ठाऊक.

---

टरफल | १५ जून, सकाळी ९:५०

@भोरकर: पुडीच. 🙈

@टॅनरीकाका, मोजपट्टी: दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत. ठरवायचं कसं?

---

मोजपट्टी | १५ जून, सकाळी १०:३०

सोपं आहे. एक बाटली आणि एक थाळी घे. बाटली काठोकाठ भरून बूच लाव, हवेचा बुडबुडाही नको. दुसरं तेच मिश्रण थाळीत ३ मिलिमीटर. शिवाय दोन्हीची एकेक जोडी उकळलेला अर्क घालून. उकळला की एन्झाइम मेलं. काकांचं खरं असेल तर उकळलेल्यातही तीच साय येईल आणि बूच लावलेल्यातही.

---

टॅनरीकाका | १५ जून, सकाळी ११:००

मान्य. बाटलीवर चिठ्ठी लावायला विसरू नकोस.

---

शुद्धशाकाहारी | १५ जून, दुपारी १२:१०

एक बाळबोध शंका. ही पट्टी आमच्यासारख्यांना लागली तर कोळंबी अंगाला लागली असं धरायचं का?

---

झुरळमित्र | १५ जून, दुपारी १२:४५

तुमच्या मश्रूमच्या भाजीतही कायटिन असतं, दादा. किंबहुना ते पहिल्यांदा सापडलं तेच अळिंब्यात. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच माणसाने वेगळं काढलं. टरफलांशी नातं नंतर जुळलं. कायटोसान हे नाव तर १८९४ चं, होप-सायलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं. आज अॅस्परजिलस नायजर बुरशीपासून केलेलं कायटोसानही मिळतं. तेव्हा शाकाहारी पट्टी शक्य आहे.

मी कीटकवाला, म्हणून माझ्या लाडक्याची गोष्ट सांगतो. रात्री मोरीत कधी पांढरंफटक झुरळ दिसलंय? तो रोगी नसतो, नुकतीच कात टाकलेला असतो. अंग मऊ, दुधी. काही तासांत तपकिरी आणि टणक होतो. तो करतो ते हेच: अंगातली डायफिनॉलं वरच्या थरात सोडतो, एन्झाइम त्यांची क्विनोनं करतं आणि ती कायटिनच्या जाळीतल्या प्रथिनांना एकमेकांशी शिवून टाकतात. टरफलताई, तू प्रयोगशाळेत झुरळ वाळवतेयस. आणि लक्षात घे, त्याची कातडी किती पातळ असते. २ सेंटिमीटर जाडीचं झुरळ निसर्गानेही केलेलं नाही.

---

केळफूल | १५ जून, दुपारी १:०२

ई! जेवत होते.

---

ओपीडी | १५ जून, दुपारी ३:३०

डॉक्टर आहे, म्हणून थोडं. ग्लुटाराल्डिहाइड नको हा हट्ट मला आवडला. २ टक्क्यांच्या द्रावणात आम्ही एंडोस्कोप बुडवून निर्जंतुक करतो, त्या खोलीत डोळे झोंबतात. नीट धुतलं तर चालतं असं म्हणणारेही आहेत, पण "नीट धुतलं" हे कोण तपासणार?

कायटोसानच्या पट्ट्या नव्या नाहीत. अमेरिकी सैन्याने इराक-अफगाणिस्तानात रक्त थांबवायला त्या वापरल्या. त्याच्या साखळीवर धन भार, लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार, त्यामुळे पेशी गोळा होतात. पण इथेच तुला विचारायचंय. तू त्याच अमाइन गटांना फिनॉलं जोडतेयस. सगळे बांधून टाकलेस तर रक्त थांबवणार कोण?

आणि कृपा करून घरी केलेलं काहीही जखमेवर लावू नका, धागा वाचणाऱ्या इतरांनीही. आजीच्या त्रिफळ्याच्या काढ्याने जखम धुवायचे हे मलाही माहीत आहे. ते धुवायचं होतं, चिकटवून ठेवायचं नव्हतं.

---

सदाशिवसुत | १५ जून, संध्याकाळी ६:२०

म्हणजे पूर्वजांना सगळं ठाऊक होतंच की! हिरडा जखमेला हे शास्त्र आपल्याकडे...

---

ओपीडी | १५ जून, संध्याकाळी ६:४१

ठाऊक होतं तेवढं ठाऊक होतं. टायरोसिनेज ठाऊक नव्हतं. नवा धागा काढा, तिथे भांडू.

---

मोजपट्टी | १५ जून, रात्री ९:१०

पांढरे धागे राहिलेच. फॉस्फेट बफर पीएच ७ चा असणार ना? कायटोसानच्या अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या गटांचा भार गेलेला असतो तो) साधारण ६.५. त्याच्या आसपास पोचलं की भार जातो आणि साखळी विरघळलेली राहत नाही. तू अर्क ओतलास तिथे तिथे पीएच उडी मारून वर गेला आणि धागे पडले. हे बंधन नाही, नुसतं साखळ्यांचं रुसून बाहेर येणं आहे. अर्क सौम्य आणि आम्लधर्मी बफरमध्ये काढ, थेंबथेंब घाल, ढवळत राहा.

पण उलटीकडेही फार जाऊ नकोस. क्विनोनला चिकटायला भार नसलेलं अमाइन लागतं. पीएच ४.५ ला असे गट जेमतेम १ टक्का, ५.५ ला ९ टक्के, ६ ला २४ टक्के. मश्रूमचं टायरोसिनेजही ६ ते ७ मध्ये खूश असतं. म्हणजे तुझं सगळं राज्य ५.८ ते ६.२ च्या बोळात आहे. आमच्या पेठेतल्या बोळांपेक्षा अरुंद.

टायरोसिनेजऐवजी लॅकेज हे एन्झाइम वापरलंस तर ४.५-५ लाही चालेल, तो आम्लातला गडी आहे. योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात तो पाहिला. पण त्यालाही ऑक्सिजन लागतोच.

---

चहाटळ | १५ जून, रात्री ९:३०

लिंबू पिळून बघ. माझी आई प्रत्येक गोष्टीत पिळते.

---

टरफल | १५ जून, रात्री ९:४४

@चहाटळ: हसू नका कोणी, मी खरंच व्हिटॅमिन सी घातलं होतं. मश्रूमचा अर्क वाटतानाच काळा पडत होता म्हणून.

---

मोजपट्टी | १५ जून, रात्री ९:५२

😶

अगं, व्हिटॅमिन सी क्विनोनचं परत फिनॉल करतं. एन्झाइम पुढे ढकलतंय, तू मागे ओढतेयस. सफरचंदाच्या फोडी लिंबाने पांढऱ्या राहतात त्या यानेच.

---

टॅनरीकाका | १५ जून, रात्री १०:१५

म्हणूनच म्हणतो, आधी चिठ्ठ्या लावा आणि काय काय घातले ते लिहून ठेवा.

---

रानवाटा | १६ जून, सकाळी ७:३०

हिरड्याऐवजी कात का नाही घेत? विड्याचा कात. चिपळूणकडे खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काढतात. त्यात कॅटेचिन असतं, लहान रेणू, शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल, टायरोसिनेजच्या तोंडात बसणारा. हिरड्यातली टॅनिनं म्हणजे अवजड गिऱ्हाइकं, दारातूनच आत येत नाहीत. फक्त बाजारातला कात भेसळीचा असतो. गरम पाण्यात विरघळव, गाळ, थंड होऊ दे. कॅटेचिन थंड पाण्यात फारसं विरघळत नाही, खाली बसतं. कातवाले शतकानुशतकं असंच वेगळं काढतात.

---

झुरळमित्र | १६ जून, सकाळी ८:०५

कात टाकणारं झुरळ, विड्यातला कात आणि काकांचं कातडं. एवढ्यावर एक कविता होईल.

---

संपादक | १६ जून, सकाळी ८:२०

कविता विभाग वेगळा आहे.

---

टरफल | १९ जून, रात्री ११:४०

झाले प्रयोग. चिठ्ठ्या लावल्या होत्या, काका.

हिरडा, उकळलेला अर्क: गुठळ्या तशाच, लगेच. म्हणजे गुठळ्या टॅनिनच्या, एन्झाइमचा संबंध नाही. काका बरोबर.

हिरडा, जिवंत अर्क, बूच लावलेली बाटली: गुठळ्या आहेत, पण साय नाही. दोन दिवसांनी बूच काढलं तर तासा-दोन तासांत वरचा थर तपकिरी. मोजपट्टी बरोबर.

व्हिटॅमिन सी बंद. अर्क बर्फात ठेवून लगेच वापरला. काळा पडायच्या आत पळत सुटायचं, बस.

पांढरे धागे: पीएच ५.९ ला धरून थेंबथेंब घातलं, नाहीत.

मग रानवाटांचा कात. गरम पाण्यात विरघळवून दोनदा बसवला, थाळीत ३ मिलिमीटर ओतलं. सकाळी अख्खी थाळी एकसारखी, विड्याच्या पिंकेच्या रंगाची, उलटी केली तरी हलेना! वाळवून पापुद्रा काढला आणि १ टक्का अॅसेटिक आम्लात टाकला. फुगला, पण विरघळला नाही, आज तिसरा दिवस. उकळलेल्या अर्काचा पापुद्रा किंचित पिवळसर झाला होता, तो अर्ध्या तासात गायब.

---

रानवाटा | २० जून, सकाळी ६:५०

👏👏 पिंकेचा रंग हा शब्द प्रबंधात घालू नकोस फक्त.

---

मोजपट्टी | २० जून, सकाळी ९:००

छान. पण तपकिरी झालं म्हणजे कायटोसान बांधलं गेलं, असं लगेच लिहू नकोस. क्विनोनं आपापसातही जुळतात आणि रंग त्याचाही असतो. न विरघळणं हा चांगला पुरावा आहे, तरी मोकळे अमाइन मोज. निनहायड्रिन मोकळ्या अमाइनशी जांभळा रंग देतं, तो किती कमी येतो ते बघ. ओपीडींच्या शंकेचं उत्तरही त्यातच मिळेल, किती गट शिल्लक राहिले ते. क्विनोन अमाइनला दोन तऱ्हांनी धरतं, मायकेल जोड किंवा शिफ बेस, परीक्षेत ते विचारतीलच. ग्रेगरी पेन यांच्या मेरीलँडच्या गटाने टायरोसिनेज आणि कायटोसानवर बरंच काम केलंय, ते वाचून जा.

---

टॅनरीकाका | २० जून, सकाळी ९:२०

फुगल्यावर बोटाने ओढून बघितलेस का? फाटतो की ताणतो? कोरडा पापुद्रा सगळ्यांचाच बरा असतो. जखम ओली असते.

---

टरफल | २० जून, सकाळी ९:५५

@टॅनरीकाका: ओढला. फाटला. 😐 कातकाढा कमी घेऊन परत करतेय, बहुतेक जास्त झाला.

@मोजपट्टी: निनहायड्रिन सोमवारी. मार्गदर्शकांना थाळी उलटी करून दाखवली, ते म्हणाले "हं."

---

केळफूल | २० जून, सकाळी १०:१०

"हं" म्हणजे पुण्यात शाबासकी. ताकात नको हं ठेवू.

---

चहाटळ | २० जून, सकाळी १०:३२

कात झाला, आता चुना लाव. विडा लाल होतो तसा पापुद्राही होईल.

---

मोजपट्टी | २० जून, सकाळी १०:४०

चहाटळ, पहिल्यांदाच कामाचं बोललास आणि तेही नकळत. चुन्याने पीएच वर जातो, मग कात एन्झाइमशिवायच हवेत ऑक्सिडाइज होतो, म्हणून विडा लाल. पण कायटोसान त्या पीएचला द्रावणात राहणारच नाही. आधी पापुद्रा वाळवून मग त्यावर नावापुरती अल्कली दिली तर काय होतं, हे खरंच करून बघण्यासारखं आहे.

---

टरफल | २० जून, सकाळी १०:५८

म्हणजे मी मार्गदर्शकांकडे जाऊन सांगू, की आता चुना लावायचा म्हणतेय?